थोरल्याचं नाक

एचएसआर लेआउट, बेंगळूरु
६ जानेवारी २०२६

तानूअक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलोय. कान आता पार गेले असं लिहिलंस. एका परीने बरंच झालं, फोनवर ओरडून माझा घसा बसायचा तो वाचला. मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा सरी, ठीक आहे, आपलं टपालच बरं. तू लग्न होऊन संडूरला गेलीस तेव्हापासून पत्रांवरच चाललंय, पुढंही चालेल.

घरची बातमी म्हणजे सूनबाईने एअर फ्रायर आणलाय. डॉक्टरने माझ्या छातीचे फोटो बघून तळलेलं बंद केलं, त्याचं हे निमित्त. हंड्याएवढा काळा डबा, आत जाळीची टोपली, आणि तेलाच्या जागी गरम वारा. मी भव्याला म्हटलं, मासा शिजवतेस की केस वाळवतेस? ती हसली नाही. ती हसत नाही, वहीत लिहून ठेवते. आधी बटाटा, गाजर, बीन्स नि नवलकोल बोटाएवढे चिरायचे, चमचाभर तेल चोळायचं, दहा मिनिटं टोपलीत. मग त्यावर मसाला लावलेला बांगडा, आणखी बारा मिनिटं. मध्येच टोपली ओढून माशाच्या पाठीत एक सुई खुपसते, सुईच्या टोकाला आकडा उमटतो. सत्तर झाले की शिजला म्हणे! आपल्या अप्पांनी चिक्कपेटेच्या मागे चाळीस वर्षं मटण-माशाचं मिलिटरी हॉटेल चालवलं, पण माशाला कधी थर्मामीटर लावला नाही.

खाल्लं मी. चव म्हणशील तर भिजलेलं वर्तमानपत्र. मासा नि भाजी एका टोपलीत, दोघांची चव एकच, म्हणजे नाहीच. चंदना मात्र बोटं चाटून खाते. आठ वर्षांची नात, तिला काय कळतंय! हल्ली सगळंच बिघडलंय म्हणा. कॉफी पाणचट, आणि हॉटेल पुतण्याच्या, रणजीतच्या हातात गेल्यापासून तिथल्या मसाल्यातही दम राहिलेला नाही.

तरी बुधवार, शुक्रवार, रविवार मी हॉटेलात जातोच. अप्पांचा नियम अजून पाळतात: घरातल्या थोरल्याने नाक लावल्याशिवाय मासा-मटण भट्टीवर चढायचं नाही. शिवकुमार वस्ताद, मुख्य आचारी, माशांची पाटी पुढं धरतो, मी वाकून हुंगतो, मान हलवतो, तेव्हा कुठं फोडणी पडते. माझी रत्ना गेल्यावर माझी कुणी वाट बघावी अशी तेवढीच एक जागा उरलीय.

आणि गंमत ऐक. भव्या बोम्मसंद्र्याच्या मसाल्याच्या कारखान्यात मिरची-धण्याची पोती हुंगून पास-नापास करते. पगार घेऊन हुंगते! निपाणीकडची पोर, माहेरी सात पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही. मी म्हटलं, बाई, आमच्यात नाक जन्माला यावं लागतं. एखाद्या रविवारी मीच बांगडा आणतो आणि तिला दाखवतो, मासा म्हणजे काय ते.

तुझा धाकटा,
सयाजी

*

संडूर
१२ जानेवारी २०२६

चि. सयाजीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

सून तुझ्या छातीसाठी तेल वाचवते आणि तू तिला केस वाळवणारी म्हणतोस? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. ती मासा खात वाढलेली नाही, तरी तुमच्यासाठी हात घालते, हे काय थोडं झालं?

तुझ्या नाकाचं कौतुक मला सांगू नकोस, मी साक्षीदार आहे. तू चौदा वर्षांचा होतास. कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणासाठी अप्पांनी टोपलीभर अंजल मासा आणला आणि तू म्हणालास, हा नको. अप्पांनी तुझ्या कानाखाली वाजवली. मग परसातल्या मांजरापुढं एक तुकडा टाकला, ते हुंगून निघून गेलं. सबंध टोपली पुरली होती आपण. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी स्वतः हुंगायचं सोडलं आणि तुला पुढं करायला लागले. पाटीवर वाकलेल्या तुला बघून मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा.

पण कॉफी पाणचट, मसाला बेचव, मासा वर्तमानपत्र, हे सगळं जग एकदम कसं रे बिघडलं? मला वाटतं रत्नाची आठवण येते तुला. तीन वर्षं झाली, तरी तिच्या हातची चव शोधत बसतोस आणि राग सुनेवर काढतोस. परवा संक्रांत आहे. तिला तिळगूळ दे आणि गोड बोल.

तानूअक्का

*

एचएसआर लेआउट
२१ जानेवारी २०२६

अक्का,

चंदना घरी आलीय. आधी एवढं वाच, मग पुढचं.

रविवारी मी बांगडा आणला होता, ताजा. भव्याने तो तिच्या त्या मशीनमध्ये भाज्यांवर ठेवून केला. दुपारी दीडला जेवलो. अर्ध्या तासात पोरीचं तोंड लालबुंद झालं, ओठ सुजले, दोनदा उलटी झाली आणि मग तिला श्वास घेता येईना. माझ्याकडे बघून 'ताता, गळा' एवढंच म्हणाली. अभिराज लेकीला उचलून जिन्याने धावला, लिफ्टची वाटही बघितली नाही. तीन दिवस दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी नाकावर मास्क लावून ठेवला होता. काल सोडलं.

दोष मशीनचाच. खाली भाज्या, वर मासा. भाज्यांना पाणी सुटलं, बांगडा आतून कच्चा राहिला. अभिराजही तेच म्हणतो. भव्याने मशीन खोक्यात घालून माळ्यावर टाकलंय. ती कुणाशी बोलत नाही.

जास्त लिहवत नाही.

सयाजी

*

संडूर
२७ जानेवारी २०२६

चि. सयाजी,

तुझं पत्र वाचलं. गणपतीपुढं नारळ ठेवलाय, पोर खडखडीत बरी झाली की फोडीन.

जाळ त्या मशीनला! आणि भव्याला माझं सांग, जे आपल्याला ठाऊक नाही त्याच्या वाटेला जाऊ नये. वरणभाताच्या घरातून आलेल्या मुलीने मासा रांधायचाच तर घरात जाणतं माणूस बसलंय, त्याला विचारावं. सुया खुपसून मासा शिजत नाही. एवढी शिकलेली, आणि पोटच्या पोरीच्या ताटात कच्चा मासा वाढला! हे पत्र तिला दाखव. माझी भीड धरू नकोस.

आता तू मला नीट सांग. कुणी कुणी खाल्लं होतं? बाकीच्यांना काही झालं का? डॉक्टर काय म्हणाले? आणि बांगडा तू आणलास म्हणजे नाक लावूनच आणला असशील ना? तू लावलं असशील तर प्रश्नच मिटला.

तानूअक्का

*

एचएसआर लेआउट
३ फेब्रुवारी २०२६

ती. अक्का,

चंदना शाळेत जायला लागली. नारळ फोड.

तुझं पत्र भव्याला दाखवलं नाही. आधीच घरात कमी का आहे! अभिराजने स्वयंपाकाला बाई ठेवलीय, कावेरी नावाची. ती सांबार-भात करते, तो आम्ही खाली माना घालून खातो. अभिराज बायकोशी कामापुरतं बोलतो. इलेक्ट्रॉनिक सिटीहून मुद्दाम उशिरा येतो असा मला संशय आहे. भव्याची आई, सत्यवतीबाई, येत्या एकवीस तारखेला निपाणीहून येणार आहेत. तेवीसला लेकीला आणि नातीला घेऊन जाणार म्हणतात. 'थोडे दिवस,' असं भव्या म्हणाली. पण चंदनाचा शाळेचा दाखला कसा काढायचा ते ती परवा फोनवर कुणाला तरी विचारत होती.

जेवताना ती रोज एकदा माझ्याकडे बघते, काही विचारायचं असल्यासारखं. मग चंदनाला भरवायला वळते.

हॉटेलात मोठी गडबड आहे. बावीस तारखेला, रविवारी, हॉटेलला ऐंशी वर्षं पुरी होतात. चारशे पानं उठायची आहेत, मटण पुलाव आणि बांगडा फ्राय. रणजीतचं म्हणणं, सगळ्यांसमोर थोरल्याने नाक लावायचं, फोटो काढायचे आणि मगच भट्टी पेटवायची. त्याने माझ्यासाठी जरीचा फेटा सांगितलाय.

तू बाकी काय काय विचारलंस, त्या सगळ्याचं उत्तर देत बसलो तर पोस्टाची वेळ टळेल. डॉक्टर लोक काहीबाही बोलतच असतात. इकडं थंडी स्वल्प कमी झालीय.

सयाजी

*

संडूर
९ फेब्रुवारी २०२६

चि. सयाजी,

ऐंशी वर्षं! अप्पा असते तर स्वतः पुलाव वाढायला उभे राहिले असते. फेटा घातलेला फोटो मला पाठव.

इकडं सगळं ठीक. चिंच फोडायचं काम चाललंय, अंगणभर टरफलं. लाल कोंबडी चार दिवस अंड्यांवरून उठेना म्हणून तिला उचलून पाणी पाजलं, तर माझ्याच हाताला चोच मारली. शेजारच्या पवित्राला मुलगा झाला. आमच्या पोस्टातला मंजुनाथ आता माझ्याशी पाटीवर लिहून बोलतो, त्यामुळे त्याचं कन्नड अक्षर सुधारलं.

तुझं अक्षर मात्र हल्ली थरथरतं. लहानपणापासून कागद नाकाला लावून वाचायची खोड तुझी, अजून तशीच असणार. चष्मा बदल. हे पत्र नीट वाच आणि कसं पोचलं ते आठवणीने कळव.

तानूअक्का

*

एचएसआर लेआउट
१४ फेब्रुवारी २०२६

ती. अक्का,

तुझं पत्र व्यवस्थित पोचलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे नाकाला लावून दोनदा वाचलं, चष्म्याची काही गरज नाही. कोंबडीचं वाचून हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पण त्यातही विरजण पडलं. पाकीट भव्याने आणून दिलं. कसं दिलं ठाऊक आहे? दोन बोटांच्या चिमटीत धरून, नाक मुरडून. मी वाचायला लागलो तर जाईना. समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाचून होईपर्यंत बघत होती. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. माझ्या बहिणीच्या कागदाचाही तिला विटाळ व्हावा? आणि चंदना, जी एरवी पत्र आलं की मांडीवर चढून बसते, ती दारातूनच पळाली. पोरीला आईने शिकवलंय, दुसरं काय.

मी काय केलंय गं तिचं? मी तर एक शब्दही बोललो नाही.

रविवार जवळ येतोय. झोप लागत नाही.

सयाजी

*

संडूर
१७ फेब्रुवारी २०२६
स्पीड पोस्टाने

सयाजी,

मागचं पत्र मी रात्रभर हिंगाच्या डब्यात कोंबून ठेवलं होतं. वर पाकिटाला हिंगाचा खडा घासला. मंजुनाथने ते खिडकीतून घेतलं, दोनदा शिंकला आणि पाटीवर लिहून विचारलं, 'अज्जी, लोणचं पाठवताय का?'

आणि तू ते नाकाला लावून दोनदा वाचलंस.

भव्या तुझा तिरस्कार करत नव्हती. वास मारत होता त्या कागदाला. चंदनाही त्यानेच पळाली. तुला तो येत नाही, हे भव्याने तुझ्यासमोर उभं राहून पाहिलं. कारखान्यात हुंगायचं काम करते ती, तिला कळायला किती वेळ लागणार? म्हणजे मला कळलंय आणि तिलाही कळलंय. तूच एकटा उरलास.

कधीपासून रे? पाणचट कॉफी लिहिलीस तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी रत्नाची आठवण समजून बसले. 'नाक लावलं होतंस ना' असं विचारलं, तर तू थंडी कमी झाल्याचं लिहिलंस. तिथं मला पहिली शंका आली. हिंगाचा डबा उघडताना देवाला म्हणत होते, माझी शंका खोटी ठरू दे.

त्या पोरीला मी काय काय लिहिलं! दाखवलं नाहीस ते तुझं एक पुण्य. पण ते माझ्या हातून तू लिहून घेतलंस, सयाजी, त्याचा मला फार राग आहे.

आता रविवार. चारशे माणसं जेवणार. शिवकुमारला वास आला तरी तो थोरल्यापुढं तोंड उघडणार आहे का? अप्पांनी नियम केला तो लोकांच्या पोटासाठी, तुझ्या फेट्यासाठी नव्हे. चंदना वाचली. दुसरं कुणाचं पोर वाचेलच असं नाही.

रविवारच्या आधी भव्याला सांग. तुझ्या तोंडाने सांग. तसं कळलं नाही, तर होसपेटेहून गाडी पकडून मी येते. मला कान नाहीत, पण तोंड आहे.

तानूअक्का

*

एचएसआर लेआउट
२५ फेब्रुवारी २०२६

ती. तानूअक्का,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. या वेळी वाचून झाल्यावर मी मुद्दाम कागद हुंगला. काही नाही. कोरा वारा.

गेल्या भाद्रपदात मला ताप आला होता. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. पहिले आठ दिवस वाटलं सर्दी आहे. मग रत्नाची हळदीकुंकवाची पेटी उघडून बघितली, तिच्यात तिचा कापूर-चंदनाचा वास अजून होता, तो आला नाही. त्या दिवशी मला खरं कळलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बुधवार, शुक्रवार, रविवार मी कुठं जाणार होतो? हॉटेलात माशाचे डोळे बघायचो, कल्ले उचलायचो, बोटाने दाबायचो आणि वाकल्या वाकल्या शिवकुमारच्या तोंडाकडे बघायचो. वास मारत असला की त्याच्या नाकपुड्या आवळतात. त्याच्या नाकावर मी पाच महिने काढले.

आता त्या रविवारचं, जे मी तुला सांगितलं नाही. बांगडा मी सकाळी नऊला हॉटेलजवळच्या गाडीवरून घेतला. पिशवी भट्टीजवळच्या खुंटीला अडकवली आणि गप्पा मारत बसलो. साडेअकराला निघालो, बसमध्ये तासभर ती मांडीवर. घरी भव्याने पिशवी उघडली आणि म्हणाली, "मामा, ह्याला वास मारतोय बघा जरा. नको करूया." मी काय म्हणालो सांगू? चंदनासमोर म्हणालो, "वरणभातवाल्यांनी मला मासा शिकवू नये." ती गप्प झाली. मसाला लावला, भाज्या दहा मिनिटं झाल्यावर वर मासा ठेवला. सुई खुपसली तेव्हा आकडा चौऱ्याहत्तर होता. तिने मला दाखवला. मासा कच्चा नव्हता, अक्का.

तिने एक घास खाल्ला. मी अर्धा बांगडा खाल्ला. माझ्याही मानेवर लाल चट्टे उठले होते. दवाखान्यात मी शर्टाचं वरचं बटण लावून बसलो. अभिराज औषधं आणायला गेला, भव्या पोरीजवळ होती, तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि मलाच म्हणाले, "आजोबा, मासा बराच वेळ उष्णतेत राहिला असणार. बांगड्यात मग विष धरतं. ते भाजून, तळून, कशानेच जात नाही." मी मान हलवली. पाटीवर हलवतो तशीच. मग अभिराज आला आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या त्या डब्याने मारली असतीस पोरीला." ती रडली नाही, नुसती उभी राहिली. मी तिथं होतो, चार हातांवर, आणि मी माझं बटण चाचपत होतो.

शुक्रवारी तुझं पत्र वाचून दोनदा तिच्या दाराशी गेलो आणि परत फिरलो. शनिवारी सत्यवतीबाई आल्या, ते न सांगायला निमित्त झालं. भव्याला बॅगा भरताना बघत होतो. चंदनाचं दप्तरही भरलं. तुझी गाडी पकडायची धमकी खरी ठरणार असं वाटत होतं.

रविवारी सगळे हॉटेलात गेलो. डोक्यावर फेटा, फोटोवाला तयार. बांगड्याच्या तीन पेट्या आल्या होत्या. रणजीत ओरडला, "काका, बेग लावा नाक, उशीर होतोय! चारशे पानं आहेत." शिवकुमारने पहिली पाटी धरली, मी वाकलो. सवयीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, तर तो फोटोवाल्याकडे बघून हसत होता. दुसऱ्या पाटीला हसत होता, तिसऱ्या पाटीलाही हसत होता. डोळे बघावेत तर सगळे मासे बर्फाच्या पाण्यात धुतलेले, सारखेच चकचकीत. मी वाकलेलाच राहिलो. लोकांना वाटलं फोटोसाठी राहिलोय.

मान वर केली तर भव्या दिसली. गर्दीच्या मागे, ओढणी नाकाला लावून. ती माशाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या दुपारी स्वयंपाकघरात बघत होती तशी. मी मान हलवली असती तर ती या वेळी गप्प बसली नसती, हे मला दिसलं. आणि एवढ्या लोकांत तिच्यावर पुन्हा बोलायची पाळी आणायची, म्हणजे मग माझ्यात काय उरलं?

मी म्हणालो, "मला वास येत नाही."

रणजीत हसला, त्याला थट्टा वाटली. मी फेटा काढून पाटीशेजारी ठेवला आणि पुन्हा म्हणालो, मोठ्याने. भाद्रपदापासून येत नाही म्हणालो. चंदनाला जे झालं ते मी आणलेल्या माशाने झालं, भव्याने मला अडवलं होतं, मशीनचा दोष नव्हता, डॉक्टरने मला सांगितलं होतं आणि मी लपवलं, सगळं म्हणालो. अभिराज माझ्याकडे बघत होता. माझ्या पोराने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघू नये. मग तो भव्याकडे वळला, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "भव्या, तू लाव नाक."

रणजीत म्हणाला, "काका, त्या तर शाकाहारी घरातल्या..." ती त्याला ओलांडून पुढं आली. ओढणी खोचली, हात धुतले. पहिली पेटी, चार मासे वरचे, चार तळातले. मान हलवली. दुसरी पेटी, तसंच. तिसरीत तळातला एकच मासा उचलला आणि म्हणाली, "ही पेटी नको. वरचे ताजे आहेत, खालचे कालचे पण नाहीत, परवाचे आहेत." शिवकुमारने मान खाली घातली. "मला पेटी उतरवतानाच वाटलं होतं अण्णा," तो म्हणाला, "पण तुम्ही असताना मी कसं बोलू?" ती पेटी मागे नेऊन पुरली. बांगडा अर्धा अर्धा वाढला.

घरी आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरांनी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं?" मी हो म्हणालो. "पाच आठवडे, मामा," ती म्हणाली. "पाच आठवडे मी रोज स्वतःला विचारतेय की सुई खोटी होती का माझी. तुमचं नाक गेलंय हे मला त्या हिंगाच्या पाकिटाने कळलं, तेव्हा वाटलं आता तरी सांगाल. माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही. म्हणवत नाही." मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकली, म्हणाली, "तसं नका करू, चंदना बघतेय."

सत्यवतीबाई सोमवारी एकट्याच निपाणीला गेल्या. भव्या म्हणाली, चंदनाची परीक्षा आहे म्हणून थांबतेय. माझ्यासाठी थांबली असं मी समजत नाही, तूही समजू नकोस. अभिराजने माळ्यावर चढून ते खोकं स्वतः खाली काढलं, पुसलं, ओट्यावर ठेवलं. ती त्याच्याशी अजून कामापुरतंच बोलते. रणजीतने तिला दर रविवारी याल का विचारलं, तर म्हणाली, बघते.

आज तिने बांगडा आणला. बर्फाच्या डब्यात घालून, सरळ घरी. मी नवलकोल चिरून दिला, तिने सांगितला तेवढा, बोटाएवढा. भाज्या दहा मिनिटं, वर मासा बारा मिनिटं. सुईचा आकडा तिने मला दाखवला नाही, तो मी स्वतः वाकून बघितला, त्र्याहत्तर होता. चंदना ताटाजवळ आली आणि हात मागे घेऊन उभी राहिली. आईने आधी स्वतः खाल्लं, मग तिला दिलं. मग माझ्यापुढं ताट आलं.

मी खाल्लं. कातडी दाताखाली कुरकुरली, बटाटा मऊ होता, मासा गरम होता. तेवढंच कळलं. पन्नासहून जास्त वर्षं मी लोकांना सांगत आलो की काय चांगलं आणि काय वाईट. आज मी भव्याला विचारलं, "कसं झालंय गं?"

तिने माशाचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाली, "मीठ स्वल्प कमी पडलंय, मामा. बाकी चांगलं झालंय."

हे पत्र स्वयंपाकघरातच बसून लिहितोय. हात धुतलेत, तरी कागदाला बांगड्याचा वास लागला असेल, किंवा लसणाचा, किंवा नुसता शाईचा. मला कळत नाही. पाकीट उघडलंस की आधी हुंग, आणि कसला वास येतोय तो मला लिहून कळव.

तुझा धाकटा,
सयाजी